उजवा कान

"आता येतंय का ऐकू?" कुणीतरी विचारलं आणि कानात नवं यंत्र घातलेल्या डॉक्टरांनी मान वळवून मागे दाराकडे पाहिलं. दारात कुणी नव्हतं. खोलीत तिघीच होत्या. कानाचं यंत्र बसवणारी मुलगी पडद्यावरच्या रेषा खालीवर करत होती, लेक भिंतीला टेकून उभी होती, आणि बायको शेजारच्या खुर्चीवर मांडीवरची पर्स दोन्ही हातांनी धरून बसली होती. आलेला आवाज म्हाताऱ्या बाईचा होता, किंचित घोगरा, शेवटच्या अक्षराशी विरून जाणारा. असा आवाज त्यांच्या ओळखीत कुणाचा नव्हता. मग बायकोचे ओठ हलले, "अहो, तुम्हाला विचारतेय," आणि तोच आवाज तिच्या तोंडून आला. डॉक्टरांनी सवयीनं मान डोलावली. "आजोबा, मान नका डोलावू, बोलून सांगा," यंत्रवाली मुलगी म्हणाली. ते म्हणाले, "येतंय." स्वतःचं बोलणंही त्यांना डब्यात तोंड घालून बोलल्यासारखं वाटलं. लेकीनं आईचा खांदा दाबला. बायको हसली, आणि त्या हसण्याला शिट्टीसारखी एक बारीक किनार होती, तीही त्यांनी आज पहिल्यांदाच ऐकली. इतकी वर्षं त्यांच्या डोक्यात तिचा जो आवाज होता तो नव्यानं लग्न झालेल्या मुलीचा होता. तिचे ओठ हलले की त्यावर ते आतून तो जुना आवाज चढवत आणि त्यांचं काम भागत असे. तिचे केस पांढरे झाले, दात बदलले, चष्म्याचा नंबर वाढला, हे सगळं त्यांनी पाहिलं होतं. आवाज मात्र आहे तिथंच राहिला होता. आता तो कुणीतरी काढून घेतल्यासारखा झाला, आणि शेजारी बसलेल्या बाईकडे ते थोडं अनोळखीपणानं, थोडं ओशाळून बघत राहिले.

त्यांचा डावा कान युद्धातच गेला होता. उजव्यात दाराच्या फटीतून उजेड यावा तेवढं काहीतरी शिल्लक होतं. त्या फटीवर आणि समोरच्याच्या ओठांवर त्यांनी सैन्यातली उरलेली नोकरी केली, लेक वाढवली, निवृत्त झाले, सोसायटीच्या मीटिंगांना बसले. पूर्वीही एकदा यंत्र आणलं होतं, पण ते नुसतं किंचाळायचं. त्यांनी ते कपाटात टाकून दिलं आणि पुन्हा कुणी विषय काढला की हातानंच नको म्हणायचे. घरात त्यांच्या कानावरून विनोद चालत. काही मंजूर करून घ्यायचं असेल तर बाबांच्या डाव्या बाजूला उभं राहायचं, हे लेकीला शाळेतच कळलं होतं. एकदा तिनं असंच विचारलं, त्यांनी मान डोलावली, आणि दुसऱ्या दिवशी ती पाठीला सॅक लावून चार दिवसांच्या सहलीला निघाली तेव्हा त्यांना पत्ता लागला. ते स्वतःही ही गोष्ट हसून सांगत. मान डोलावणं त्यांच्या अंगवळणी पडलं होतं. लोक बोलत, ते ओठ पाहत, अर्धं समजे, उरलेलं अंदाजानं भरत, आणि जिथं अंदाजही लागत नसे तिथं मान डोलावत. लोकांना बरं वाटे. किती शांतपणे ऐकून घेतात, असं त्यांच्याविषयी म्हटलं जाई.

परत येताना रस्ता अंगावर आला. रिक्षाचं इंजिन, कुणाच्या तरी शटरचा खडखडाट, पायाखालच्या खडीचा कुरकुर आवाज. कागदी पिशवी एवढा आवाज करते हे ते विसरूनच गेले होते. लेक तिच्या ऑफिसला गेली आणि दोघं आपल्या इमारतीशी आले. लिफ्ट बंद होती. जिन्याच्या पहिल्या वळणावर त्यांना तो आवाज ऐकू आला. आधी त्यांना यंत्रच खरखरतंय असं वाटलं. ते थांबले तेव्हा तोही थोडा मंदावला. चढू लागले तेव्हा पुन्हा सुरू झाला, मागून, एका ठेक्यात, ओढून घेतलेला, जणू कुणी ओलं कापड सावकाश फाडतंय. बायको कठड्याला धरून चढत होती. तिनं वर पाहिलं आणि हसली, नेहमीसारखी, तोंड मिटून. पण त्यांच्या आतला जुना डॉक्टर ताठ उठून बसला होता. हा श्वास वयाचा नव्हता, जिन्याचाही नव्हता. असा श्वास एका आठवड्यात होत नाही. म्हणजे ही बाई किती दिवस, किती महिने त्यांच्या मागून असा श्वास घेत चढत होती, आणि ते पुढे जाऊन दार उघडून पंखा लावून बसत होते.

दुपारी ते पेपर घेऊन बाहेरच्या खोलीत बसले आणि स्वयंपाकघरातून बोलणं ऐकू येऊ लागलं. त्यांना वाटलं शेजारीण आली असेल. पण दुसरा आवाज येईना. तिचा एकटीचाच चालला होता, भांड्यांच्या आवाजातून वाट काढत, मध्येच थांबत, पुन्हा तिथूनच सुरू होत. ती पाठमोरी उभी राहून ओट्याशी काम करते हे दृश्य त्यांनी रोज पाहिलं होतं. तिचं डोकं जरासं हलत असे, त्यावरून ती गुणगुणत असेल असं ते समजत. आता कळत होतं की ती बोलत होती. आणि कुणाशी, तेही कळत होतं, कारण मधूनमधून "अहो" येत होतं. अहो, आज वरच्या बाईंनी पुन्हा गॅलरीतून पाणी सोडलं, मी काही बोलले नाही, पण उद्या बोलणार. अहो, लेक वाळली नाही का हो, तुम्हाला काही दिसतं की नाही. आणि बसलेत पाहा कसे पेपर घेऊन, पान उलटलेलं नाही मघापासून, झोप लागली असेल. डॉक्टरांनी घाईनं पान उलटलं. त्यांना हसू आलं. परक्या घराच्या खिडकीशी उभं राहून ऐकल्यासारखं वाटत होतं, आणि उठवत मात्र नव्हतं. ती त्यांना उद्देशून इतकं बोलत होती. समोर उभी राहून ती जे बोलायची ते मोजकं असे: जेवायला चला, गोळी घेतली का, लेकीचा फोन होता. ओठ नीट हलवून, तुकडे करून, मोठ्यानं. घरातलं खरं बोलणं असं पाठमोरं होत होतं आणि ते रोज त्याच्या शेजारच्या खोलीत पेपर वाचत होते. मग नळ बंद झाला आणि ती त्याच आवाजात म्हणाली, त्या दिवशी जिन्यात बसलेच मी, म्हटलं आता काही उठवत नाही, कुणी वरून आलं तर काय म्हणेल म्हणून उठले, तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही मनगट धरून बसला असता आणि मग तुमचं तोंड बघत बसायचं मी.

ते स्वयंपाकघराच्या दारात गेले. "जिन्यात कधी बसली होतीस?" त्यांनी विचारलं. तिच्या हातात झाकण होतं. ती वळली आणि तिचा चेहरा त्यांनी कधी पाहिला नव्हता असा झाला, कपडे बदलताना कुणी दार ढकलावं तसा. थोडा वेळ तिनं झाकण कोरडं पुसलं. मग म्हणाली, "ऐकत होतात?" आणि एवढं बोलून ती गप्प झाली. ती त्या दिवशी गप्प झाली ती झालीच. त्यांनी खोदून खोदून विचारलं तेव्हा तिनं सांगितलं, उन्हाळ्यापासून होतंय, फार नाही, पायऱ्या चढताना. त्यांनी हृदयाच्या डॉक्टरांची वेळ घेतली. पण घरात आता तिचा आवाज येईना. ओट्याशी ती तशीच पाठमोरी उभी राही, डोकं मात्र हलत नसे. त्यांना फ्रिजची घरघर ऐकू येई, नळाचा थेंब ऐकू येई. एकदा ते म्हणाले, हवं तर मी दुपारचं यंत्र काढून ठेवत जाईन. ती म्हणाली, त्याची काही गरज नाही, लेकीनं एवढी खटपट केली आहे. तिला राग आला नव्हता. राग त्यांना चेहऱ्यावरून ओळखता येत असे. तिची एक जागा गेली होती, आणि ती त्यांनी घेतली होती, एवढंच त्यांना समजत होतं.

अशा शांततेत त्यांना युद्धातलं ते गोदाम आठवू लागलं. एरवीही आठवे, पण चित्रासारखं आठवे, आवाजाशिवाय. आता त्यात आवाज येऊ लागले, आणि तेही पहिल्या दिवसांचे, कान जायच्या आधीचे. तंबाखूचं गोदाम होतं. आघाडी जवळ होती आणि पक्कं छप्पर तेवढंच मिळालं, म्हणून तिथं त्यांचं इस्पितळ उभं केलं होतं. तंबाखूचा वास भिंतींत मुरलेला, त्यात जंतुनाशकाचा वास मिसळे आणि डोकं चढे. डॉक्टर तेव्हा ऐन तरुण कॅप्टन होते. लग्नाला थोडेच महिने झाले होते. शिक्षणात हात चांगला म्हणून नाव होतं, पण पहिली गाडी जखमी घेऊन आली आणि त्यांच्या हाताला कापरं भरलं. रक्ताचं त्यांना काही वाटत नव्हतं. ओरडणं सहन होईना. ज्याच्यावर काम चाललंय तो भुलीखाली गप्प असे, पण मागे रांगेत पडलेले ओरडत असत, आणि त्यांची पाठ त्या बाजूला असे. प्रत्येक हाकेसरशी टाका चुके. मोठे सर्जन, म्हणजे त्यांचे मेजर, दुसऱ्या टेबलावरून त्यांच्याकडे पाहत आणि म्हणत, कान घरी ठेवून यायचे रे बाळा. ते गोदामामागे जाऊन तोंडावर पाणी मारून येत आणि पुन्हा उभे राहत. आपण या कामाचे नाही, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं. मेजरांना तसं सांगायचंही ठरवलं होतं.

सांगायची वेळ आली नाही. एका सकाळी गोदामाच्या टोकाला, जनरेटरच्या खोलीशी, तोफेचा गोळा पडला. मेजर तिथंच गेले. भुलीच्या नळकांड्या तिथंच होत्या, त्याही गेल्या. डॉक्टर भिंतीशी आपटले आणि उठून बसले तेव्हा जग बंद झालं होतं. माणसं तोंडं उघडत होती, मिटत होती. धूळ सावकाश खाली बसत होती. डाव्या कानातून कोमट काहीतरी मानेवर आलं, ते त्यांनी बाहीनं पुसलं आणि टेबलाशी गेले, कारण टेबलावर माणूस होता. आणि हात स्थिर होते. इतके स्थिर की त्यांनी स्वतःच थांबून ते पाहिले. मागे रांग होती, रांगेत माणसं नक्कीच ओरडत होती, पण त्यांच्यापर्यंत काही येत नव्हतं. फक्त एक बारीक अखंड शीळ, डोक्याच्या आतून. त्या शिळेच्या आधारानं त्यांनी तो दिवस आणि पुढचा दिवस काम केलं. शिरा सापडत होत्या, टाके पडत होते, माणसं वाचत होती. त्यांना ऐकू येत नाही हे सगळ्यात आधी टेबलाशी मदतीला असलेल्या सिस्टरना कळलं. त्यांनी दोनदा विचारलेल्या प्रश्नाला उत्तर आलं नाही, तेव्हा त्यांनी डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर येऊन मास्क खाली केला आणि पाहिलं. वर कळवलं असतं तर डॉक्टरांना मागे पाठवलं असतं, आणि मग तिथं सर्जन उरला नसता. त्यांनी कळवलं नाही. तेव्हापासून त्यांचा हात डॉक्टरांच्या कोपराशी असे. नाडी पडू लागली की दाबत, हवं ते अवजार न मागता हातात देत. पुढे कुणीतरी डॉक्टरांना "बर्फ" असं नाव ठेवलं. भोवती आकाश कोसळत होतं आणि हा माणूस पापणी न हलवता शिवत होता, असं सांगत. त्या शांतपणाबद्दल त्यांना पदकही मिळालं. ते घेताना बँड वाजत होता, असं फोटोवरून कळतं.

गोळा पडल्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी पाण्याच्या गाडीचा ड्रायव्हर जखमी होऊन आला. त्याला सगळे ओळखत. रोज टाकी भरून आणायचा आणि उतरताना दारावर थाप मारायचा. कमरेखाली आणि मांडीत लागलं होतं, रक्त फार गेलं होतं. भुलीचा वायू नव्हता, म्हणून कण्यात इंजेक्शन देऊन खालचा भाग बधिर केला. धोक्याचं होतं, पण दुसरं काही हाताशी नव्हतं. आतलं काम झालं तोवर सिस्टर शेजारी होत्या. मग दुसऱ्या टेबलावर कुणाचा तरी रक्त अडवायला बांधलेला पट्टा सुटला आणि त्या तिकडे धावल्या. मांडी शिवायची बाकी होती, ती लांबलचक. डॉक्टर एकटे होते. शिवता शिवता त्यांनी वर पाहिलं तर तो बोलत होता. त्यांच्याकडे बघून. आधी त्यांना वाटलं पाणी मागतोय. त्यांनी कापसाचा बोळा ओला करून त्याच्या ओठांना लावला. त्यानं तो बाजूला केला आणि बोलत राहिला. शुद्धीवर होता, डोळे स्वच्छ होते. ओठ वाचायचं त्यांना तेव्हा येत नव्हतं. आपल्याला ऐकू येत नाही हे त्याला सांगावं, असं त्यांच्या मनात आलं, कानाकडे बोट न्यायला हात अर्धा उचललाही. मग त्याचा चेहरा पाहून तो खाली आणला. त्यांनी मास्क काढला, त्याच्याकडे बघून मान डोलावली. त्याला बरं वाटलेलं दिसलं. तो बोलत राहिला, ते टाका घालत राहिले आणि दर थोड्या वेळानं वर बघून मान डोलावत राहिले. शेवटची गाठ मारून त्यांनी वर पाहिलं तेव्हा त्यानं डोळे मिटले होते. संध्याकाळच्या आत तो गेला. गेलेलं रक्त परत देता येईल एवढं तिथं नव्हतं. सिस्टरनी लांबून पाहिलं होतं. त्यांनी हाताच्या खुणेनं विचारलं, काय म्हणत होता? डॉक्टरांनी हात धुवायला घेतले.

युद्ध संपलं तेव्हा डॉक्टर स्वतः इस्पितळात होते. उजवा कान थोडासा परत येत होता. तिथं ड्रायव्हरचे वडील आले. छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवण्याचं काम करत, बोटांची टोकं काळी होती. मुलाच्या शेवटच्या वेळी कोण होतं हे विचारत विचारत ते तिथवर पोचले होते. लांबच्या व्हरांड्यात बाकावर दोघं बसले. काही बोलला का, असं त्यांनी विचारलं. ते डॉक्टरांना ऐकू गेलं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं, मोठ्यानं. मग उभं राहून, उजव्या कानाशी वाकून, त्या साध्या माणसाला आपल्या मेलेल्या मुलाविषयीचा प्रश्न ओरडून विचारावा लागला, आणि व्हरांड्यातली माणसं वळून पाहू लागली. डॉक्टरांना खोटं सांगता आलं असतं. घरची आठवण काढत होता, एवढं पुरलं असतं. पण त्यांनी खरं ते सांगितलं. बोलला, पुष्कळ बोलला, पण माझे कान गेले होते, मला एक अक्षर कळलं नाही. वडील खाली बसले. बराच वेळ आपल्या काळ्या बोटांकडे पाहत राहिले. मग मान वर करून हळूच काहीतरी म्हणाले. ते ओरडले नाहीत, आणि तरी डॉक्टरांना त्यांच्या ओठांवरून ते पूर्ण कळलं. ओठांवरून कळलेलं ते त्यांचं पहिलं वाक्य. "मग तो बोलला कुणाशी?"

त्यानंतर डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सोडली. छातीला नळी लावून काही ऐकू येणार नव्हतं, आणि टेबलावरच्या माणसाचं बोलणं पुन्हा निसटू द्यायची त्यांची आता तयारी नव्हती. प्रयोगशाळेत गेले. काचेवरचा पेशींचा पातळ काप बोलत नाही. निवृत्तीपर्यंत सूक्ष्मदर्शकाशी बसले, चांगलं काम केलं, हाताखालच्यांना जीव लावला. या ड्रायव्हरविषयी त्यांनी कुणाला सांगितलं नाही, बायकोलाही नाही. तिनं सुरुवातीला विचारलं होतं, तिथं काय झालं म्हणून, समोर उभी राहून, ओठ नीट हलवत. त्यांनी मान डोलावली होती.

हृदयाच्या डॉक्टर तरुण होत्या आणि म्हातारा माणूस म्हणून त्यांच्याशी जोरात बोलत होत्या. "हळू बोला, मला ऐकू येतं," ते म्हणाले, आणि बायकोला त्या तशा वेळीही हसू आलं. बायकोच्या हृदयाची एक झडप आक्रसली होती. वेळेत आलात, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. छाती उघडावी लागणार नव्हती, मांडीच्या धमनीतून नळी घालून नवी झडप बसवता येणार होती. ठरलेल्या सकाळी बायकोला आत नेलं. लेक कागदपत्रं बघायला खाली गेली होती, आणि ते एकटे त्या लांब व्हरांड्यात प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसले. ट्रॉलीची चाकं, बुटांची रबरी चिरचिर, कुठंतरी मशीनची टिकटिक. मग शेजारच्या अर्धवट दारामागून माणसाचं विव्हळणं आलं. पुरुषाचा आवाज, लांबवलेला, मध्ये शब्दासारखं काहीतरी. गोदामानंतर असं काही त्यांनी ऐकलं नव्हतं. हात आपोआप कानाशी गेला, यंत्राच्या बारीक कडेवर नख टेकलं. काढलं की संपलं. लेकीला सांगता येईल, बॅटरी गेली. ते तसेच बसून राहिले, नख कडेवर, आणि आवाज पुन्हा आला. तिसऱ्यांदा आला तेव्हा ते उठले आणि त्या दाराशी गेले. ट्रॉलीवर एक म्हातारा पडला होता, हाताला सलाइन. डॉक्टर अगदी जवळ गेले, उजवा कान त्याच्या तोंडाशी नेला. तो म्हणत होता, "अहो, माझ्या चपला कुणी नेल्या?" डॉक्टरांनी वाकून पाहिलं. चपला ट्रॉलीखाली मागच्या चाकाशी होत्या. त्यांनी त्या काढून त्याला दाखवल्या आणि त्याला दिसतील अशा भिंतीशी जोडून ठेवल्या. म्हातारा म्हणाला, नव्या आहेत हो. डॉक्टर म्हणाले, दिसतातच. परत खुर्चीवर येऊन बसले तेव्हा त्यांना खूप वर्षांत वाटलं नव्हतं इतकं हलकं वाटत होतं.

बायकोचं सगळं नीट पार पडलं. दुसऱ्या दिवशी दुपारी तिला वॉर्डात आणलं. ते खुर्ची ओढून तिच्या उशाशी बसले, आणि तिचा श्वास ऐकत राहिले. फाटल्यासारखा आवाज आता नव्हता. काहीतरी बोलायचं म्हणून त्यांनी तिला चपलांची गोष्ट सांगितली. ती हसली, मग हसताना दुखतंय का ते बघत पुन्हा हसली. आणि मग, का कोण जाणे, ते थांबले नाहीत. त्यांनी गोदाम सांगितलं, मेजर सांगितले, हाताचं कापरं सांगितलं, पदक कशाचं होतं ते सांगितलं. ड्रायव्हर सांगितला. व्हरांड्यातले वडील सांगितले. ती छताकडे बघत ऐकत होती. तिनं मध्ये एकदाही मान हलवली नाही.

त्यांचं झाल्यावर ती म्हणाली, "बोलताना तोंड कसं होतं त्याचं?"

हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं. वडिलांनीही नाही, आणि त्यांनी स्वतःलाही नाही. ते आठवू लागले, आणि धुळीतून तो चेहरा आला, घामेजलेला, दाढीचे खुंट वाढलेला. "हसला एकदा," ते म्हणाले. "मध्येच. बोलता बोलता."

"आणि तुम्ही?"

"मीही हसलो. तो हसला म्हणून."

तिनं मान त्यांच्याकडे वळवली. "माझ्याशीही तसेच हसता तुम्ही. मी हसले की मग. एक श्वास मागे."

"तुला कळायचं?"

"न कळायला काय झालं."

खिडकीपाशी कुणीतरी पडदा सरकवला. डॉक्टरांना तिच्याकडे बघवेना, तरी ते बघत राहिले. "मग सांगत का राहिलीस?"

तिच्या हाताला सुई होती, त्या हाताची बोटं चादरीवर जराशी हलली. "सांगायचं असायचं," ती म्हणाली. "आणि तुम्ही असायचात. ऐकू येत नव्हतं ते ठीक. उठून कधी गेला नाहीत."

मग नर्स रक्तदाब घ्यायला आली, पट्टा बांधला, सोडला, काहीतरी लिहून घेऊन गेली. बायकोनं डोळे मिटले. तिला झोप लागली असेल असं त्यांना वाटलं. पण थोड्या वेळानं, डोळे तसेच मिटलेले ठेवून, ती हळूच बोलू लागली, ओट्याशी बोलायची त्या आवाजात. अहो, त्या पलीकडच्या बाई आहेत ना, त्यांचा मुलगा सकाळपासून तीनदा येऊन गेला, दर वेळी फळं आणतो, त्या म्हणतात अरे मला चावत नाही. मग आणखी काहीतरी म्हणाली, आणि तेवढ्यात दारातून ट्रॉली खडखडत गेली आणि ते वाक्य त्यात बुडून गेलं. डॉक्टरांची मान सवयीनं खाली जाऊ लागली होती. त्यांनी ती थांबवली. खुर्ची आणखी जवळ ओढली, उजवा कान तिच्याकडे केला आणि म्हणाले, "हे नाही ऐकू आलं. पुन्हा सांग."

तिनं डोळे उघडून त्यांच्याकडे पाहिलं, आणि पुन्हा सांगितलं.